चौदा फोनांची एक किल्ली

“कॅसेट आधी काढून ठेव, उज्मा. टेप आपल्याकडं आलाय. आवाज न्हाई आलेला.”

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली, पण हे वाक्य उज्माच्या कानात अजून होतं तसंच बसलेलं होतं, त्यांच्या आवाजातल्या खरखरीसकट. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती आठ वर्षांची असेल. केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ‘दिलावर रेडिओ’ अशी पाटी होती आणि पाटीखाली अब्बा स्टुलावर बसून दिवसभर लोकांचे टेप उघडायचे नि मिटायचे. गिऱ्हाईक टेप ठेवून गेलं की ते आतली कॅसेट बाहेर काढायचे, पेपरच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर ठेवायचे. दुरुस्त झालेला टेप तपासायला त्यांची स्वतःची एक कॅसेट होती. तिच्यात गाणं नव्हतं. अब्बांनी स्वतःच्या आवाजात एकपासून शंभरपर्यंत आकडे म्हटले होते. आवाज जाडा आला की मोटर हळू, बारीक आला की मोटर जोरात. सत्तावन्नला त्यांना ठसका लागला होता. त्यामुळं केजातला प्रत्येक टेप आधी सत्तावन्नला खोकायचा आणि मगच घरी जायचा.

एकदा दुपारी अब्बा नमाजाला गेले असताना तिनं फळीवरची एक कॅसेट लावली. कुठल्याशा लग्नातल्या बाया गात होत्या. मागून अब्बांचा हात आला, बटण दाबलं गेलं, आणि मग ते वाक्य.

“ऐकलं तर काय होतं, अब्बा?”

“होत काय न्हाई. ऐकलेलं परत देता येत न्हाई, एवढंच.”

आता पाटीवर ‘दिलावर मोबाईल’ असं आहे. स्टूल तेच, त्यावर उज्मा बसते. वय एकतीस. समोर तिचा थोरला भाऊ अबरार फळांचा गाडा लावतो. सकाळी गिऱ्हाईक, संध्याकाळी गिऱ्हाईक, मधली दुपार मात्र कुणाचीच नसते. जीपवाले सीट आडवी करून झोपतात, कुत्री गाड्याखाली शिरतात, आणि उघड्या ड्रॉवरमधले मेलेले फोन काळ्या पाण्याच्या चौकोनी डबक्यांसारखे छत बघत पडून असतात.

दिवाळीच्या आधी माळवस्तीवरच्या बचत गटाच्या बाया आल्या होत्या. केजपासून जीपनं अर्ध्या तासावरची वस्ती. गटाच्या अध्यक्ष विमलबाईंनी चौदा फोन एकदम घ्यायचं ठरवलं होतं, एकाच जातीचे, एकाच रंगाचे. दुकानाच्या पायरीवर चौदा जणी मांडी घालून बसल्या आणि उज्मा एकेक फोन चालू करायला लागली. फोन एकेक प्रश्न विचारत होता.

“मावशी, जन्मतारीख सांगा.”

“बाजरीची काढनी चालली होती म्हनं,” छबुबाई म्हणाली. गटात सगळ्यात थोरली तीच, साठीला आलेली. “सन मातर इचारू नगं.”

“ईमेल?”

“ते काय आस्तंय?”

“पासवर्ड तरी सांगा एखादा. कुणाला कळणार नाही असा, आणि तुम्ही विसरणार नाही असा.”

“कुनाला कळनार न्हाई आसं हाय की लई,” छबुबाई म्हणाली, “पर त्ये फोनात कावून घालू?” सगळ्या हसल्या. विमलबाईंनी मग निकालच लावला. “उज्मा, तूच ठेव बाई ध्यानात. आमी इसरतो. किल्ली तुज्यापाशी राहूंदी.”

परतीची जीप चारला होती. उज्मानं दुकानाच्या नावानं एकच खातं उघडलं आणि चौदाही फोन त्या एका खात्याला जोडले. चौदा फोन, एक किल्ली. बाया फोन पदरात बांधून गेल्या. जाताना छबुबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

उज्माला हे कळत नव्हतं असं नाही. टाळेबंदीच्या दिवसांत दुकान बंद होतं तेव्हा ती घरात बसून हेच शिकली होती. काही सॉफ्टवेअर असतं की ज्याचं आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं. कुठं टाका निसटलाय, कुठं चोरखिसा लावलाय, दहा जण बघतात आणि दुरुस्त करतात. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलेल्या झबल्यासारखं. तिच्या स्वतःच्या फोनात तसलंच सगळं होतं. तिचं एक अक्षरही तिला न विचारता कुठं जात नव्हतं. पण ते लावायला वेळ लागतो, आणि जीप चारची होती.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी दुकानाच्या कम्प्युटरवर सूचना आली, की खात्यातली जागा संपत आली आहे. तिनं खातं उघडलं. आत माळवस्ती भरली होती. वासराचे फोटो, भाकरीचे फोटो, चुकून काढलेले अंगठ्यांचे फोटो, मीटिंगमध्ये डुलकी लागलेल्या विमलबाई. आणि एका कोपऱ्यात आवाजाच्या फायलींची लांब रांग. कुणाच्या आहेत ते बघावं म्हणून तिनं एकीवर क्लिक केलं.

आधी नुसता श्वास आला. मग बांगड्या. मग दळताना घ्यावा तसा सूर.

*सांगते तुझ्या कानी, तुला न्हाई ग जीभ*
*माझ्या मनाचं पाखरू, तुझ्या वळचणीला नीज*

छबुबाई. वस्तीवरची जाती कधीच उंबऱ्याबाहेर गेली होती, पीठ गिरणीतून येत होतं. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं पहाटे जात्याला सगळं सांगितलं, तिला आता सांगायला जातंच उरलं नव्हतं. मग तिला हा फोन मिळाला. काळा, गुळगुळीत, हातात धरला की ऊब देणारा. लाल ठिपका दाबला की ऐकतो आणि कुणाला बोलत नाही. तिनं त्याला जात्यासारखंच जवळ घेतलं.

अब्बांचं वाक्य उज्माच्या कानात आलं. तिनं हात पुढं केला आणि आवाज बंद करण्याऐवजी बारीक केला.

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते तिला नीट सांगता आलं नसतं. जेवण झालं की ती शटर अर्धं ओढायची. पंख्याच्या आवाजाखाली छबुबाईचा आवाज वाहायचा आणि दुकान जागेवरून हलल्यासारखं वाटायचं. कधी ती बाभळीच्या पिवळ्या फुलांत असायची, कधी विहिरीच्या पायरीवर, जिथं छबुबाई नवी नवरी होऊन पाण्यात आपलंच तोंड बघत होती. मेलेल्या नवऱ्याला छबुबाई ओवीतून टोमणे मारायची, बांधावरच्या बोरीला सून म्हणायची, पुण्याला कंपनीत असलेल्या दोन लेकांना ढगात शोधायची. ड्रॉवरमधले फोनसुद्धा कान देऊन ऐकताहेत असं उज्माला वाटायचं. काचेवर दुपारचं ऊन हलायचं, जणू कुणी आतून पदर झटकतंय.

“उज्मा, कसली कव्वाली ऐकायलीस गं रोज?” अबरार गाड्यावरून विचारायचा.

“आपली अशीच.”

“मोठ्यानं लाव की. माझी चिकू बी ऐकत्याल.”

“तुझी चिकू आधीच नरम पडलीत, भाई. गाण्यानं सडतील.”

पौषात एक ओवी आली आणि उज्मानं ती ऐकून डोळे मिटले.

*काचेची गं पाटी, तिला शिकवलं बोलायला*
*केजच्या माझ्या लेकी, सुख लागो तुझ्या चुलीला*

तो आशीर्वाद तिच्यासाठी होता, पण तिला दिलेला नव्हता. न दिलेली वस्तू उचलून पदरात घ्यावी तसं तिला झालं. त्या दिवशी तिनं ठरवलं की आता ऐकायचं नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा शटर अर्ध्यावर आलं.

त्याच आठवड्यात दुसरी एक ओवी होती.

*काखेच्या गं खाली, कुनी पेरलं हरभऱ्याला*
*न्हाई पानी, न्हाई खत, कसा आला ग घाट्याला*

पाणी-खताशिवाय शेंगेला आलेला हरभरा; उज्माला ते उखाण्यासारखं कोडं वाटलं. चार्जरची पिन बदलता बदलता ती दिवसभर त्याचं उत्तर शोधत राहिली आणि संध्याकाळी विसरून गेली.

फाल्गुनात राधाकिशन आला. छबुबाईचा धाकटा दीर. त्याची बायको मंगल गटात होती, पण तिचा फोन बहुतेक वेळ याच्याच खिशात असायचा. त्यानं फोन काउंटरवर ठेवला आणि स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसला.

“उज्मा, ह्या फोनात भूत शिरलंय.”

“काय झालं काका?”

“माजा नंबर ह्यात तीन नावानं हाय. बायकोनं ‘ह्ये’ म्हून घातलाय, ते बराबर. पर ‘काड्याभावजी’ कोन? आन ‘चहावाला पावना’ कोन? तिन्ही नंबर लावून बघितले. तिन्ही डाव माजाच फोन वाजला.”

अबरार गाडा सोडून दुकानात आला. “काका, चहावाला पावना म्हंजे जो चहा पिल्याबिगर उठत न्हाई त्यो.”

“तू गप, अबरार. तुज्याकडं कवा पिलोय मी चहा?”

“माज्याकडं न्हाई. म्हून तर मी तुमचा नंबर निस्ता ‘राधाकिशन काका’ म्हून ठेवलाय.”

राधाकिशनलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. “बाया मागं मला काय म्हनतेत ते ठावं हाय मला. पर लिवलेलं दिसलं की लागतंय.”

उज्मा हसली नाही. चौदा फोनांतली नावं एका खात्यात मिसळली होती आणि तिथून उलट चौदाही फोनांत उतरली होती. नावं उतरली, तर बाकीचं? राधाकिशन त्याच्या खरखरीत बोटानं दोन ठिकाणी दाबेल आणि चुकून का होईना, वहिनीचा आवाज त्या खिशातून बाहेर पडेल. तिला वाटलं होतं की किल्ली एक आहे आणि ती आपल्याकडं आहे. किल्ली चौदा जणींच्या घरात, चौदा जणींच्या नवऱ्यांच्या, दिरांच्या, पोरांच्या खिशात फिरत होती.

“नंबरच तर हायत,” राधाकिशन गेल्यावर अबरार म्हणाला. “तुला कावून घाम फुटला?”

“एका खात्यात सगळं घातलं मी, भाई.”

“मग काढ.”

तिनं शटर पूर्ण ओढलं आणि पुसायला बसली. फोटो गेले, नावं गेली. आवाजाच्या रांगेशी ती थांबली. पाच फायली ऐकायच्या राहिल्या होत्या. तशाच पुसायला हव्या होत्या. पण तिनं कानाला हेडफोन लावला.

*घाट्याचं झालं बोर, बोर हाताला लागतं*
*दिस सारा निजतं, रातीला ग जागतं*

ओवी संपली आणि पुढं बांगड्या नव्हत्या, सूर नव्हता. छबुबाई साधं बोलत होती, अगदी जवळून, ओठ काचेला टेकल्यासारखे. “डाव्या काखंखाली हाय. गाठ. दुखत न्हाई. सासूबाईला आसंच झालतं. त्या गेल्या तवा कुनाला कळलं न्हाई काय झालतं ते. कुनाला सांगू आता. दिराला सांगता येतंय का? पोरं घाबरत्याल. तुला सांगितलं, बास झालं.”

ज्या ओवीची उज्मानं दिवसभर गोडी चाखली होती, ती एका बाईच्या अंगावरची गाठ होती. हरभऱ्याएवढी होती तेव्हा तिनं ऐकली होती. आता बोराएवढी झाली होती.

मग तिनं सगळं पुसलं. कम्प्युटरनं विचारलं, कायमचं पुसायचं का? तिनं ‘होय’वर क्लिक केलं. खातं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी ती जीपनं माळवस्तीवर गेली. समाजमंदिरात चौदा जणी जमल्या. उज्मानं उभं राहून सांगितलं, की चूक माझी आहे, मी तुम्हा सगळ्यांना एकच खातं दिलं, त्यामुळं तुमची नावं-फोटो-आवाज सगळं दुकानाच्या कम्प्युटरमध्ये येत होतं. आता पुसलंय. आज प्रत्येक फोन सुटा करायचा.

“म्हंजी माजे फोटो तू बघितलेस?” विमलबाई म्हणाल्या.

“मीटिंगमधला एक बघितला.”

“कंचा?”

“डुलकीचा.”

हशा झाला आणि विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. उज्मानं मग नवं सॉफ्टवेअर कसलं ते सांगितलं. “केजात एक हॉटेल आहे, जिथं भटारखाना मागं असतो. भजी चांगली लागतात, पण तेल कसलं ते कळत नाही. आणि दुसरं, जिथं कढई रस्त्यावरच मांडलीय. कुणीही उभं राहून बघावं. हे दुसऱ्या हॉटेलासारखं आहे. आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं. आणि आवाज भरायचं जे आहे ना, ते इंटरनेटला हातच लावत नाही. फोनात भरलेलं फोनातच राहील.”

“समद्यांना दिसतंय म्हनतीस, आन कुनाला दिसत न्हाई बी म्हनतीस,” मंगल म्हणाली.

“कढई दिसते गं. तुझं ताट दिसत नाही.”

“आता कसं,” छबुबाई म्हणाली. “ताट कुनाला दिसू नये.”

किल्ली जिची तिनं करायची होती. पडद्यावर नऊ ठिपके; ते जोडायचे. उज्मानं सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं, स्वतःही दाराकडं वळली. चौदा जणी पाठमोऱ्या बसल्या आणि काचेवर बोटं फिरायला लागली. रांगोळीच्या ठिपक्यांतून जन्मभर हात फिरलेला, त्यामुळं कुणी अडली नाही. कुणी गाईचं पाऊल काढलं असेल, कुणी तुळशीचा कोनाडा, कुणी आपल्या माहेरच्या वाटेचं वळण. समाजमंदिरात एवढी शांतता झाली, की पोरं दारात येऊन बघून गेली. उज्माला वाटलं, या काचांवर आता चौदा रांगोळ्या आहेत आणि त्या आपल्याला कधीच दिसणार नाहीत. हे वाटणं तिला बरं वाटलं.

सगळ्या उठल्यावर छबुबाई तिच्याजवळ आली. फोन तिनं छातीशी दोन्ही हातांनी धरला होता.

“आता कुनी ऐकत न्हाई ना?”

“न्हाई, मावशी.”

“आन आदी?”

उज्मा जे सांगायला आली होती ते तिच्या जिभेवर होतं. छबुबाईचे डोळे तिच्या तोंडावर होते, विहिरीत घागर सोडून वाट बघणाऱ्या बाईसारखे.

“आधी दुकानात पडून होतं, पण ऐकायला मला वेळ कुठला, मावशी.”

छबुबाईनं सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्या हातात बोरांची पुरचुंडी दिली. परतीच्या जीपमध्ये उज्मानं ती शेजारच्या बाईच्या लेकराला देऊन टाकली.

मग दुपारी मुक्या झाल्या. तिनं आपल्या हातानं बंद केलेलं दार आता चांगलं बंद होतं. कुणीच ऐकू शकत नव्हतं, तीही नाही. बोराचं पुढं काय झालं ते तिला कळायला मार्ग नव्हता. ती डोळे मिटायची आणि तिला एक झाड दिसायचं, छबुबाईच्या अंगात उगवलेलं, त्याची मुळं कुठवर गेलीत ते वरून कळू नये असं. त्याच्या फांदीवर एकच फळ. ते रोज थोडं मोठं व्हायचं आणि झाड आवाज करत नव्हतं.

तिनं आडून प्रयत्न केले. सरकारी दवाखान्यात बायांच्या तपासणीचं शिबिर होतं, त्याचं पत्रक तिनं विमलबाईंना पाठवलं. अकरा जणी आल्या. छबुबाई आली नाही.

“त्यांना आणायचं ना,” उज्मा विमलबाईंना म्हणाली.

“म्हनली, मला काय धाड भरलीय.”

चैत्र लागला तशी छबुबाई एका बाजारच्या दिवशी स्वतःच दुकानात आली. फोनच्या काचेला कागद लावून हवा होता. पिशवी उजव्या हातात होती. डावा हात अंगापासून जरासा दूर धरला होता, कोंबडीनं पंख धरावा तसा. उज्माला कागद सरळ लावता येईना. दोनदा हवेचे फुगे राहिले.

“मावशी, दवाखान्यात एकदा दाखवून या. या वयात सगळ्यांनीच दाखवायचं असतं. मी येते सोबत.”

छबुबाईनं पिशवी खाली ठेवली. “मलाच कावून सांगायलीस?”

“सगळ्यांनाच सांगते.”

“आत्ता हितं तीन बाया येऊन गेल्या. त्यांना न्हाई सांगितलंस.”

“तुम्ही थकलेल्या दिसता म्हणून.”

“ऊन लई हाय,” छबुबाई म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

अबरारनं समोरून सगळं बघितलं होतं. तो आला आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. “काय चाललंय तुझं? महिनाभर झाला, जेवत न्हाईस का बोलत न्हाईस.”

उज्मानं त्याला सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “भाई, कुणा परक्याचं ऐकलं, आणि त्यात त्याच्या जिवाची गोष्ट निघाली, तर?”

अबरारनं हातातलं संत्रं काउंटरवर ठेवलं. “ऐकलं हे कबूल करावं लागंल.”

“ती मला तोंड दाखवणार न्हाई परत.”

“न्हाई दाखवलं तर न्हाई,” तो म्हणाला. “पर दाखवायला तोंड राहिलं तर पायजे.”

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं नाही. जीप माळवस्तीच्या फाट्यावर थांबली तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन एव्हाना दूध उतू जावं तसं माळावर पसरत होतं. छबुबाई कडुलिंबाच्या सावलीत चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला टरफलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चिंचेचे गोळे, मध्ये ती. बत्ता उजव्या हातानं चालत होता.

“ये गं. आज हिकडं कशी?” तिनं पाय ओढून जागा केली.

उज्मा खाली बसली. चप्पल काढायची विसरली, मग काढली.

“मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. मला वेळ होता. मी ऐकत होते.”

बत्ता चिंचेवर थांबला.

“कवापासून?”

“मार्गशीर्षापासून. रोज दुपारी.”

“समदं?”

“समदं.”

“माज्या मालकाला जे म्हनले ते बी?”

“ते बी.”

“आन तुला जे म्हनले?”

उज्मानं मान डोलावली. तिला वाटलं होतं छबुबाई ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं बत्ता बाजूला ठेवला, हाताला लागलेली चिंच पदराला पुसली.

“मी मानसाला सांगितलं नव्हतं गं,” ती म्हणाली. “म्हून तर सांगता आलं.”

“गाठीचं पण ऐकलंय मी. म्हणून आले. मला तुम्ही उंबऱ्यावर उभं करू नका परत, चालेल. पण ती दाखवा. आजच दाखवा. हरभऱ्याएवढी होती तेव्हाच मी यायला पाहिजे होतं. मी त्यातली गोडी ऐकत बसले, मावशी.”

छबुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. उजव्याच हातावर भार देऊन. घरात गेली आणि तिच्यामागं दार लागलं. कडीचा आवाज आला.

उज्मा तिथंच बसली. जायचं का बसायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं बत्ता उचलला आणि चिंच फोडायला घेतली. टरफल फुटायचं, आतून तपकिरी मऊ गर निघायचा. राधाकिशन बैल घेऊन रस्त्यानं गेला, “आज दुकान वस्तीवर का,” असं विचारून गेला, आणि उत्तराला थांबला नाही. कडुलिंबाची सावली सरकत सरकत तिच्या पाठीवरून गेली. ती सरकली नाही. घरात काही हालचाल नव्हती. एकदा तिला वाटलं की आतून ओवीचा सूर येतोय, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले, आणि तशीच बसून राहिली.

दार वाजलं तेव्हा तिनं हात काढले. छबुबाई दारात उभी होती. लुगडं बदललेलं, डोक्यावर पदर, उजव्या हातात पिशवी. फोन तिच्या हातात नव्हता. तो आत फळीवर उपडा ठेवलेला दिसत होता.

“तुज्यावर राग हाय माजा,” ती म्हणाली. “त्यो जायचा न्हाई लवकर.”

“व्हय मावशी.”

“जीप कवा हाय?”

“आता येईल. साडेअकराची.”

छबुबाई पायऱ्या उतरली आणि उज्माच्या समोर आली. तिचे ओठ हलले, सूर लावायच्या आधी हलावेत तसे, पण सूर आला नाही. ती वळून बांधावरच्या बोरीकडं बघेल असं वाटलं, पण ती उज्माच्या तोंडाकडंच बघत राहिली. एवढ्या महिन्यांत काचेला सांगितलेल्या एकाही ओवीत जे आलं नव्हतं, ते ती आता हळू, मोडक्या शब्दांत बोलली.

“लिंबाएवढी झालीय आता. उज्मा, मला लई भ्या वाटायलंय.”